आजीला गप्प करू नका

पत्र : ताई, मी मूळची बेळगावची. माहेरी कन्नड बोलतो, पण शेजारपाजार मराठी, त्यामुळे मराठी चांगली येते. लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळच्या गावात आले. इथे सासूबाई आणि मिस्टर मालवणी बोलतात. मुलगी दोन वर्षं दहा महिन्यांची आहे. मी तिच्याशी पहिल्या दिवसापासून कन्नडमध्ये बोलते. तिला सगळं कळतं, पण उत्तर ती मालवणीत देते, मध्येच कन्नड शब्द घालते. "माका हालु होया" म्हणजे मला दूध हवंय, अशी तिची वाक्यं. जूनपासून तिला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं. तिथल्या बाई म्हणाल्या की इतक्या भाषांमुळे तिचा गोंधळ होतोय, घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवलीत तर उत्तम, मालवणी तर बंदच करा. मिस्टरांना ते पटलं. ते गोव्यात नोकरीला जातात, इंग्रजीवाचून अडतं हे त्यांनी सोसलंय. आता घरात "बनाना खा, हँड वॉश कर" चालू असतं. सासूबाई नातीशी बोलायला बिचकतात, बोलता बोलता माझ्याकडे बघून थांबतात. मी कन्नड सोडू का? मुलीचं नुकसान होतंय का? ती कधीकधी "माका माका माका" अशी अडते, ते यामुळेच का? आणि कन्नड लिहा-वाचायला कधी शिकवावं?

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येतेच. पण तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल तुम्ही प्रश्नच विचारलेला नाही, आणि मला तीच सगळ्यांत तातडीची वाटते. सासूबाई नातीशी बोलायला बिचकतात. हे आजच्या आज थांबायला हवं.

तीन वर्षांच्या आतलं मूल भाषा शिकतं ते समोरच्या माणसाकडून, समोरच्या वस्तूबद्दल, त्याच वेळी बोलताना. मिस्टर सकाळी गोव्याला निघतात आणि तुमच्यामागे घरकाम आहे. मग दिवसभरात मुलीजवळ निवांत बसणारं माणूस कोण? आजी. खळ्यात तिला घेऊन बसणारी, मासे साफ करताना "हो बांगडो, ही सुंगटां, कुर्लेक हात लावू नको, चावतली" असं सांगणारी, तिच्या दहा "कित्याक?"ना दहा उत्तरं देणारी तीच. अशा बोलण्यात लांब वाक्यं असतात, काल-आज-उद्या असतो, कारणं असतात, लाड असतात आणि दटावणंही असतं. हे सगळं आजीकडे मालवणीत आहे. तिला न येणाऱ्या भाषेत बोलायला लावलं, तर तिच्याकडे "ये, बस, खा" एवढंच उरतं. मालवणी बंद झाली की इंग्रजी वाढेल असा हिशेब बाईंनी घातला. प्रत्यक्षात मुलीचे रोजचे कित्येक तास मुके होतील.

म्हणून आज संध्याकाळी मिस्टर घरी आले की त्यांनीच आईशी बोलावं. सुनेने सांगितलेलं वेगळं आणि मुलाने सांगितलेलं वेगळं, हे तुम्ही जाणताच. फार काही सांगायला नको. "आये, चेडवाक तुझ्याच भाषेत गजाली सांग. शाळेतल्या बाईंका मी सांगतंय," एवढं पुरे. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ज्या बाईला आपली भाषा नातीसाठी अपायकारक आहे असं कधी वाटलं नव्हतं, तिच्या मनावर त्या एका सूचनेने काय ओढवलं असेल याचा मी विचार करते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता तुमचा प्रश्न, नुकसान होतंय का. नाही. अनेक भाषांमुळे मुलं मागे पडतात हा समज जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची बुद्धिमापनं त्यांना नीट न येणाऱ्या भाषेत घेतली गेली, गरिबी आणि शिक्षणातला फरक लक्षात घेतला गेला नाही, आणि दोष दोन भाषांवर टाकला गेला. 1962 मध्ये कॅनडातल्या माँट्रियाल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक परिस्थितीतल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणारी मुलं एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. त्याला साठ वर्षं उलटून गेली. तो जुना समज मात्र अजून पालकसभांतून हिंडतो आहे.

आणि आपल्या किनाऱ्यावर एकच भाषा बोलून मोठी झालेली माणसं तशी किती? वेंगुर्ला-मालवणच्या ख्रिस्ती घरांत कोकणी बोलतात आणि बाजारात मालवणी-मराठी. रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत कोकणी बोली असते, शाळा कित्येकांची उर्दू, आणि कचेरीत मराठी. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली मुलं दोन हंगामांत शेजारच्या पोरांशी त्यांच्याच बोलीत भांडू लागतात. दशावतारात देव आणि राजे भारदस्त मराठीत बोलतात, विनोदी पात्र मालवणीत, आणि मांडीवरचं पोर दोन्ही ऐकतं. कोणाचा गोंधळ झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

"माका हालु होया" हे वाक्य मला फार आवडलं. त्यात गोंधळ कुठे दिसतो? मालवणी वाक्याची मांडणी अचूक आहे: "माका" जागेवर, "होया" जागेवर. फक्त दुधाचा शब्द आईकडून आला, कारण दूध बहुधा तुम्ही देता. दोन भाषांत वाढणारी जवळजवळ सगळी मुलं असं मिसळतात, आणि मोठी माणसंही मिसळतात. तुमचे मिस्टर "हँड वॉश कर" म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दोनेक वर्षांच्या फ्रेंच-इंग्रजी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुलं मिसळत होती, पण आईशी आईची भाषा जास्त आणि वडिलांशी वडिलांची जास्त, अशीच. तुमच्याही घरात हे तपासता येईल. मुलगी आजीकडे दूध मागताना "हालु" म्हणते की "दूध"? आणि तुमच्याकडे मागताना? दोन दिवस नुसतं कान देऊन ऐका. मला वाटतं, कोणाला काय कळतं हे तिला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त ठाऊक असेल.

अडखळण्याबद्दल. दोन ते पाच वर्षांच्या वयात बरीच मुलं असा सबंध शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. डोक्यात सांगायचं खूप असतं आणि वाक्य जुळवणं नवं असतं. जास्त भाषांमुळे तोतरेपणा येतो असं नाही. त्या वेळी "सावकाश बोल", "परत सांग" म्हणू नका. तिच्याकडे बघत थांबा, तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या, आणि तुम्ही स्वतः जरा संथ बोला. सासूबाईंनाही सांगा. मात्र ती शब्दातला पहिला आवाजच "म-म-म" असा काढू लागली, आवाज ताणू लागली, बोलताना चेहरा किंवा मान आवळू लागली, बोलणं टाळू लागली, किंवा हे सहा महिन्यांहून जास्त टिकलं, तर वाणी-भाषा तज्ज्ञाला दाखवा. घरात कोणाला तोतरेपणा असेल तर इतकं थांबूही नका.

भाषा उशिरा येण्याची भीती तुमच्या मुलीच्या बाबतीत मला दिसत नाही, ती तीन शब्दांची वाक्यं बोलते. पण हे सदर इतरही आयाबाबा वाचतात, म्हणून थोडं सांगते. साधारण दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन-दोन शब्दांची जोडणी यायला हवी. हे शब्द मोजताना सगळ्या भाषांचे एकत्र मोजायचे. एका वहीत आजीने ऐकलेले, आईने ऐकलेले, बाबांनी ऐकलेले, सगळे लिहा. फक्त इंग्रजी किंवा फक्त मराठी मोजली तर चांगलं बोलणारं मूलही मागे दिसतं, आणि शाळेत नेमकं हेच होतं. वर्षाचं झालं तरी मूल बोट दाखवत नसेल, बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळू लागले असतील, तर ते भाषांच्या संख्येवर ढकलू नका. आधी कान तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना सांगा, नाहीतर थेट ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. "इतक्या भाषा ऐकतंय ना, म्हणून उशीर" असं म्हणत वर्ष घालवलेली घरं मी पाहिली आहेत. पुढे कळतं की मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं.

आता इंग्रजी. तुमच्या मिस्टरांची काळजी मी हलकी मानत नाही. सिंधुदुर्गातली किती मुलं रोज गोव्याला ये-जा करतात, मुलाखतीत इंग्रजी वाक्य अडलं की त्यांच्या मनाचं काय होतं, हे ते स्वतः जगलेत. मुलीच्या वाट्याला ते येऊ नये असं वाटणं हे बापाचं प्रेम आहे. माझं म्हणणं एवढंच की "बनाना खा"ने ती वेळ टळणार नाही. त्यातून मुलीला दहा-वीस नामं मिळतात, आणि ती नर्सरीत आठवड्याभरात मिळणारच आहेत. बापाकडून तिला हवंय ते वेगळं: आज रस्त्यात काय दिसलं, पाऊस कसा पडला, गाडी कुठे बंद पडली, मग काय केलं. हे ते मालवणीत रंगवून सांगू शकतात. एका भाषेत गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येऊ लागली, "कारण", "म्हणून", "नाहीतर" हे जोडता येऊ लागलं, की ती समज दुसऱ्या भाषेत उतरते. शाळेत धडा समजण्यासाठी लागते ती हीच समज.

मोबाइलवरची इंग्रजी बडबडगीतं हा उपाय मिस्टरांच्या मनात असेल, तर त्याबद्दलही. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवत बोलली. काही बाळांना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांच्या कानाला चिनी आवाजातले फरक कळू लागले. पडद्यावाल्यांना काहीच मिळालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच, असंही म्हटलं.

नर्सरीतल्या बाईंशी भांडू नका. त्यांचा हेतू वाईट नसणार, वर्गात तीस मुलं आणि प्रत्येकाचं बोलणं निराळं, त्यांनाही जड जात असेल. पण ठामपणे सांगा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, आणि तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 2022 मध्ये आलेल्या राष्ट्रीय आराखड्यानेही घरची भाषा हाच पाया धरलाय. बाईंना म्हणा, "इंग्रजी तुम्ही शिकवा, आम्ही अडवणार नाही. घरी आम्ही आमच्या भाषेत बोलू. तिला तहान लागली, शू लागली हे कळण्यासाठी तिचे पाच-सहा शब्द मी तुम्हाला लिहून देते." असा कागद खरोखरच लिहून द्या. विहिरीच्या पाण्याला "बावीचा पाणी" म्हणणाऱ्या मुलीला वर्गात कोणी हसू नये, एवढी एक गोष्ट मात्र बाईंकडे मागून घ्या. भाषेची लाज मुलांना फार लवकर कळते, आणि एकदा ती बसली की मूल आधी भाषा टाकतं आणि मग ती भाषा बोलणाऱ्या माणसाजवळ जायचं टाळतं. शाळा बदला असं मी सांगणार नाही, तो तुमचा निर्णय. फक्त एवढं लक्षात असू द्या की महाराष्ट्रात मराठी शाळांतही 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. पुढे पहिलीत घालताना दोन्ही शाळा आत जाऊन बघा, वर्गात मुलं बोलतात की नुसती ऐकतात ते पाहा, आणि मग ठरवा.

आता तुमची कन्नड. सोडू नका. पण ती टिकवणं सोपं आहे असंही सांगणार नाही, कारण तुमच्या घरात सगळ्यांत एकटी पडलेली भाषा तीच आहे. मालवणीला आजी आहे, वाडी आहे, बाजार आहे. इंग्रजीला शाळा आहे. कन्नडला इथे फक्त तुम्ही. बेल्जियममधल्या सुमारे 1900 कुटुंबांची पाहणी अ‍ॅनिक द हाउवर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केली. घरात दोन भाषा ऐकणाऱ्या मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश मुलं बाहेरची भाषा तेवढी बोलत होती, घरातली दुसरी नाही. म्हणजे कळणं आपोआप टिकतं, बोलणं मात्र मुलाला गरज लागली तरच टिकतं.

ती गरज तयार करता येते. ती मालवणीत उत्तर देते तेव्हा "कन्नडमध्ये सांग" असं म्हणू नका, त्याने बोलण्याची परीक्षा होते. ती म्हणाली "माका हालु होया", तर तुम्ही सहज म्हणा, "हालु बेका?" ती "होय" म्हणेल, दूध घेईल. रोज कानावर पडता पडता कधीतरी "बेकु", म्हणजे हवं, तिच्या तोंडून येईल. आला की टाळ्या वाजवू नका, दूध द्या. न्हाऊ-माखू घालताना, वेणी घालताना, झोपवताना, या वेळा कन्नडच्या ठरवून टाका. सासूबाई जवळ असल्या तर त्यांना एका वाक्यात सांगा काय चाललंय ते, म्हणजे आपल्यामागे काहीतरी बोलतात असं त्यांना वाटणार नाही. एका घरातल्या दोन बायकांमध्ये तिसरी भाषा आली की हा संशय सहज येतो, आणि मग भाषेचं नाव पुढे होऊन भांडण दुसऱ्याच गोष्टीवर होतं.

बेळगावच्या अज्जा-अज्जींना रोज व्हिडिओ कॉल करा. याची गणना पडद्यात करायचं कारण नाही. 2014 मध्ये अमेरिकेत दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की समोरचं माणूस आपल्याला बघून उत्तर देत असेल, तर मुलं व्हिडिओ कॉलवरूनही नवी क्रियापदं शिकतात. आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओवरून ती शिकली नाहीत. पण "कशी आहेस? जेवलीस का?" एवढ्यावर मूल दोन मिनिटांत पळून जातं. अज्जांच्या हातात एक वाटी आणि तिच्या हातात एक वाटी देऊन दोघांना खोटाखोटा स्वयंपाक करू द्या. मे महिन्यात मात्र आंबोली घाट चढून बेळगावला जायचंच, आणि दोन दिवस नाही, पंधरा दिवस तरी. तिथे तिच्याच वयाचं भावंड असेल तर उत्तम. खेळणं मिळवायचं असेल तर तीन वर्षांचं मूल कुठलीही भाषा बोलतं. मिस्टरांनीही चार वाक्यं कन्नड शिकावी. बाबा चुकत चुकत कन्नड बोलतात हे मुलीने पाहिलं, तर ती भाषा फक्त आईची न राहता घराची होते.

मराठीची चिंता तुम्ही पत्रात केलेली नाही, तरी सांगते. घरात मालवणी असली की प्रमाण मराठी शेजारीच असते, ती वाचनातून येते. तुम्हाला मराठी चांगली येते, मिस्टर मराठीत शिकलेत. रात्री झोपताना त्यांनी पाच मिनिटं मराठी पुस्तक वाचावं, एवढी त्यांची वाटणी. स्टोरीवीव्हर नावाच्या संकेतस्थळावर चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात, मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही. एकच गोष्ट बाबांनी मराठीत आणि तुम्ही दुपारी कन्नडमध्ये वाचा, आणि तीच आजीला मालवणीत सांगायला लावा. आजी त्यात आपलं काहीतरी घालेल. घालू द्या.

राहिली लिपी. आता मुळीच घाई नको. नर्सरीत एबीसी सुरू झालीच असेल, देवनागरी मागून येईल. कन्नड अक्षरं ती एखाद्या लिपीत सलग वाचू लागल्यावर, सहा-सात वर्षांची झाली की, अशाच एखाद्या मे महिन्यात अज्जांकडे. तोपर्यंत बेळगावहून येताना कन्नड चित्रांची चार पुस्तकं आणून ठेवा, आणि वाचताना ओळीखाली बोट फिरवत जा.